लोहबाहूचा श्वास

माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. आवाज भरण्याच्या धंद्यात तीस वर्षं काढल्यावर एवढी एक गोष्ट मला खात्रीने ठाऊक होती, आणि तिनेच मला फसवलं.

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात एका पगडीवाल्याच्या दुकानावर माझी दोन खोल्यांची जागा आहे. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या आहेत आणि दोन खोल्यांच्या मधे एक जाड काच आहे. काचेच्या अलीकडे मी आणि माझं मशीन, पलीकडे बोलणारा माणूस. लग्नसराईत खालून बँड जायला लागला की आम्ही दोघं काम थांबवतो आणि तो चौकापर्यंत जाईस्तोवर काचेतून एकमेकांकडे बघत बसतो. रिक्षावर भोंगा लावून फिरवायच्या जाहिराती, भजनं, शाळेच्या गॅदरिंगची गाणी, निवडणुकीतल्या घोषणा, जे येईल ते मी भरून दिलं.

दाल बाजारातले एक व्यापारी एकदा आले. नवीन दुकानाची जाहिरात त्यांना स्वतःच्याच आवाजात हवी होती. "अपनी दुकान है, तो बोलूँगा भी मैं," म्हणाले. सतरा वेळा बोलले, घामाघूम झाले, खूश होऊन गेले. तीन दिवसांनी जिना दणाणत वर आले. "भाईसाहब, ये किस मरियल आदमी से बुलवा दिया?" मी मूळ रेकॉर्डिंग लावून दाखवलं. ते खुर्चीवर बसले. मग हळूच म्हणाले, "मैं ऐसा बोलता हूँ? घर में किसी ने कभी बताया नहीं।"

याचं कारण साधं आहे. आपला आवाज आपल्याला कानांइतकाच डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो. मशीन फक्त बाहेरचा आवाज घेतं. एक निवृत्त मास्तर तर स्वतःच्या शोकसभेसाठी स्वतःचं मनोगत भरून ठेवायला यायचे. दर वर्षी नव्याने भरायचे, कारण ज्यांचे आभार मानले होते त्यांच्यातल्या एकदोघांशी मधल्या काळात भांडण झालेलं असायचं. तेही दर वर्षी म्हणायचे, "हा मी नाही रे, हा कोणी दुसराच आहे."

अशा गमती पुष्कळ आहेत, आणि या अंकाच्या संपादकांनी मला त्याच लिहायला सांगितल्या होत्या. पण लिहायला बसलो की माधवकाकांखेरीज दुसरं काही समोर येत नाही, म्हणून त्यांचंच लिहितो.

माधवकाका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. ग्वाल्हेरच्या मराठी लोकांच्या गणेशोत्सवात नाटकं व्हायची त्यांत त्यांचं काम ठरलेलं असे. राजा असो की दरोडेखोर, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही त्यांचं वाक्य पोचायचं. वीसेक वर्षांपूर्वी दिल्लीची एक कंपनी परदेशी कार्टूनमालिका हिंदीत करून केबलवाल्या चॅनलला देत होती. दिल्लीत जागा आणि माणसं मिळत नव्हती म्हणून एक मालिका माझ्याकडे आली. तिचा नायक लोखंडी हातांचा एक महाबली होता. हिंदीत त्याचं नाव ठेवलं लोहबाहू. मी काकांना बोलावलं. कचेरीतून सुटले की सायकलवर टोपी बाजारात यायचे, पायजम्याला लावलेली क्लिप काढून खिशात टाकायचे आणि पाच मिनिटांत लोहबाहू व्हायचे. मालिका तीन वर्षं चालली. मुरारपासून लश्करपर्यंत साऱ्या शहरात पोरं त्यांच्या आवाजात एकमेकांना धमक्या देत होती. काकांना मात्र रस्त्यात कोणी ओळखत नसे. त्यांना त्याची मजा वाटायची.

मालिका संपली. मी सुरुवातीला जात राहिलो, मग फोन करत राहिलो, मग तेही राहून गेलं. काकू वारल्या तेव्हा मी बाराव्याला गेलो आणि अर्ध्या तासात परत आलो. त्यानंतर किती वर्षं गेली ते सांगायला मला लाज वाटते.

मागच्या वर्षी त्याच दिल्लीच्या कंपनीचा फोन आला. मालक बदललेले, माणसं नवी. नेहा नावाची एक मुलगी काम बघत होती. लोहबाहूवर आता मोठा ॲनिमेशन सिनेमा निघाला होता. त्यात लोहबाहू म्हातारा झालाय. शहर त्याला विसरून गेलंय, तो एका खोलीत एकटा राहतो, त्याचे गुडघे दुखतात, जुना पोशाख पोटावर बसत नाही. मग शहरावर संकट येतं आणि त्याला परत यावं लागतं. "सर, वही ओरिजिनल आवाज़ चाहिए," नेहा म्हणाली. "जो बच्चे थे, वो अब अपने बच्चों को लेकर आएँगे।"

मी शहरातल्याच थाटीपूर भागात गेलो. काका तिथे दोन खोल्यांत भाड्याने राहतात. मुलगी नागपूरला असते. दार उघडायला त्यांना वेळ लागला. पंचाहत्तरीचे झाले होते, खांदे आत गेले होते, तोंडात कवळी.

"ये," ते म्हणाले. "काम निघालं असेल."

"तसं नाही, काका."

"तसंच आहे. बस. चहा घेणार की लगेच पळणार?"

मी सिनेमाची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले. गुडघ्यांचं सांगितलं तेव्हा हसले. "म्हणजे मला फक्त वाचायचं आहे, ॲक्टिंग काही करायची नाही." मग उठून भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे गेले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "दिलीप, कवळी वाजते रे बोलताना. माइकला चालेल?"

"चालवून घेऊ," मी म्हणालो.

आता कामाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पडद्यावरचं पात्र परदेशी भाषेत ओठ हलवतं, त्या हालचालीत आपलं हिंदी वाक्य बसवावं लागतं. कलाकार येण्याआधी मी सगळी वाक्यं माझ्या आवाजात भरून ठेवतो. याला आम्ही रफ म्हणतो. कलाकाराने ते हेडफोनवर ऐकायचं, कुठे थांबायचं आणि कुठे घाई करायची ते समजून घ्यायचं, आणि मग आपलं बोलायचं. काकांना सोपं जावं म्हणून मी रफ त्यांच्याच धाटणीत केलं. तीन वर्षं काचेपलीकडून ऐकलेला आवाज होता, माझ्या अंगात मुरला होता.

सगळी वाक्यं झाली की शेवटच्या दिवशी वेगळ्या ट्रॅकवर नुसते श्वास भरायचे. पात्र धावतं, पडतं, ओझं उचलतं, धापा टाकतं. तिथे शब्द नसतात, फक्त माणूस असतो. त्याला आमच्या धंद्यात एफर्ट म्हणतात. शब्द नंतर बदलले तरी एफर्ट तसेच राहू शकतात, कारण ते वेगळे ठेवलेले असतात.

काकांनी चार दिवस काम केलं. दुपारी बारा ते तीन. सायकल सुटली होती, मी त्यांना स्कूटरवर आणायचो. पायऱ्या चढताना दोनदा थांबायचे आणि म्हणायचे, "चल, गुडघ्याची रिहर्सल झाली." आत गेल्यावर हेडफोन लावून डोळे मिटत. सिनेमात एक वाक्य होतं. लोक लोहबाहूला विचारतात, इतकी वर्षं कुठे होतास? तो म्हणतो, "मैं गया ही कहाँ था। तुम लोगों ने पुकारना छोड़ दिया।" काकांनी ते पहिल्याच वेळी बरोबर घेतलं. म्हणताना त्यांनी डोळे उघडून काचेतून माझ्याकडे बघितलं. मी मशीनचं बटण बघत बसलो.

पण लांब वाक्यं त्यांना जड जात होती. मधेच दम संपायचा, शेवटचे दोन शब्द विरून जायचे. मी म्हणायचो, "मी जोडून घेईन, काका." चौथ्या दिवशी एफर्ट. त्यांनी कवळी काढून रुमालात ठेवली. "आता दातांची जरूरत नाही," म्हणाले. म्हातारा लोहबाहू पाण्याच्या उंच टाकीचा जिना चढतो असा प्रसंग होता. पूर्वी तो उडायचा, आता एकेक पायरी चढतो. चार मिनिटं एकही शब्द नाही. काका एका जागी उभे राहून, कठड्याला धरल्यासारखी मूठ करून ते चढले. शेवटच्या पायरीवर त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही. मला वाटलं ते पडतात की काय. मी काचेवर टकटक केली. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून.

सगळं दिल्लीला पाठवलं, वेळ जुळवायला रफही सोबत दिलं. तिसऱ्या दिवशी नेहाचा फोन.

"सर, ये तो सचमुच के बूढ़े लग रहे हैं।"

"वो सचमुच के बूढ़े हैं। हीरो भी बूढ़ा है।"

"हाँ, पर हीरो वाला बूढ़ा चाहिए ना, सर। आवाज़ में दम चाहिए।" मग जरा थांबून, "आपने साथ में जो रफ भेजा है, वो किसने किया?"

"मैंने।"

"वही रख लें? हमें तो लगा, यही ओरिजिनल हैं। एफर्ट अंकल वाले रहने देते हैं, अच्छे हैं, दोबारा कौन करेगा।"

मला नाही म्हणता आलं असतं. लहान धंद्यातल्या माणसाची मजबुरी वगैरे इथे लिहिली तर वाचणारे कदाचित माफ करतील, पण ते खोटं होईल. त्या कामावाचून माझं काही अडत नव्हतं. मी तीस वर्षं काचेच्या अलीकडे बसलो होतो. दुसऱ्यांचे आवाज चकचकीत करून दिले आणि रफ ऐकणारे कलाकार सोडले तर माझा आवाज ऐकलेला माणूस या शहरात एक नव्हता. मी म्हणालो, "सोचकर बताता हूँ।" पाच मिनिटांनी मीच फोन केला आणि हो म्हटलं.

कंपनीने हिंदी आवाजांच्या नावांची यादी मागितली तेव्हा लोहबाहूपुढे मी माधवकाकांचंच नाव लिहून पाठवलं. त्याने भागेल असं मला वाटलं.

सिनेमा लागायला दीड महिना होता. माझी बायको सुजाता त्या वेळी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होती. तिला सांगितलं. तिने लगेच विचारलं, "सांगितलंत का त्यांना?"

"सांगतो."

पुढच्या फोनवर पुन्हा, "सांगितलंत का?" तिसऱ्यांदाही विचारलं. मग तिने विचारणं सोडलं, जेवलात का एवढंच विचारून फोन ठेवायला लागली. घरात मी एकटाच. स्वयंपाकघरात भांडं ठेवलं तरी त्याचा आवाज मला मोठा वाटायचा. आणि मी सवयीने तो ऐकत राहायचो, कुठे विरतो ते बघत.

थाटीपूरला मी चार वेळा गेलो. प्रत्येक वेळी वाक्य तयार करून. एकदा काका शेजारच्या शर्माजींना सांगत होते, "पहिल्या दिवशी जायचं. मेरी आवाज़ है भाई, तिकट मी काढणार." एकदा ते शर्ट इस्त्री करत होते. एकदा झोपले होते. चौथ्यांदा दारापर्यंत गेलो आणि त्यांचं खाकरणं ऐकून परत फिरलो. मनातून मी एकाच गोष्टीवर टेकून होतो. माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. काकांना वाटेल, मशीनने जरा वेगळा केला असेल. दाल बाजारातल्या शेठला नाही का वाटलं?

सिनेमा लागला त्या दिवशी सकाळच्या खेळाला गेलो. काका मधे, एका बाजूला शर्माजी, दुसरीकडे मी. आजूबाजूला पोरं, पॉपकॉर्न, आया. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कवळी घट्ट बसावी म्हणून पावडर लावून आले होते, जणू आज बोलायचं आहे.

लोहबाहू पहिल्यांदा पडद्यावर येतो तो खिडकीत उभा. पहिलं वाक्य तो स्वतःशीच बोलतो. माझा आवाज त्या मोठ्या अंधाऱ्या हॉलमधे घुमला. इतका चांगला मी कधी बोललो नव्हतो. क्षणभर, खरं सांगतो, मला आनंद झाला.

काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मी धंदा तीस वर्षं करून एवढंसुद्धा शिकलो नव्हतो. दाल बाजारातल्या शेठने आपला आवाज आयुष्यात एकदोनदा ऐकला होता. काकांनी तीन वर्षं रोज हेडफोनवर ऐकला होता. हाडांतला नाही, बाहेरचा. आणि माझं रफही त्याच हेडफोनवर ऐकलं होतं. साऱ्या ग्वाल्हेरात तो आवाज माझ्याइतकाच पक्का ओळखणारा दुसरा एकच माणूस होता, आणि मी त्यालाच शेजारी बसवून दुसरा आवाज ऐकवत होतो.

त्यांनी मान परत फिरवली. सिनेमा बघत राहिले. "तुम लोगों ने पुकारना छोड़ दिया" हे वाक्य आलं, मागच्या रांगेतल्या एका बापाने टाळी वाजवली. काका हलले नाहीत.

मग टाकीचा जिना आला. हॉल शांत झाला, पोरंसुद्धा. पहिला श्वास आला तेव्हा काका खुर्चीत सरळ झाले. मी समोर बघत होतो, पण माझ्या उजव्या कानाला पडद्यावरचा श्वास ऐकू येत होता आणि डाव्या कानाला, अगदी जवळून, तोच श्वास. काका लोहबाहूबरोबर जिना चढत होते. मूठ खुर्चीच्या हातावर आवळलेली होती. शेवटच्या पायरीला दोन्ही आवाज एक झाले.

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. हिंदी आवाजांची नावं अगदी शेवटी येतात, तेव्हा बघायला कोणी नसतं. शर्माजी मात्र थांबले होते. "वो देखो, वो देखो, आपका नाम," म्हणाले. "क्या आवाज़ है, काकासाब। बिलकुल वही। बीस साल में कुछ नहीं बदला।"

काका म्हणाले, "हाँ, ठीक हो गया।"

थाटीपूरला पोचल्यावर शर्माजी आपल्या घरी गेले. काकांनी शर्ट काढून खुंटीला लावला, चहा टाकला. मी उभाच होतो.

"बस की," ते म्हणाले. "गुन्हेगारासारखा काय उभा आहेस."

"काका..."

"चांगलं केलंस तू. दम आहे आवाजात. एक सांगतो, वाक्याच्या शेवटी तू श्वास सोडून देतोस. त्याने वाक्य खाली बसतं. वाक्य संपलं तरी श्वास थोडा धरून ठेवायचा. लोहबाहू कधी मोकळा होत नाही." चहा गाळत बोलत होते, पाठ माझ्याकडे. "बाकी हा आवाज माझाच असं मी समजलो असतो, जर मी मी नसतो तर."

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला.

"पण जिन्याचे श्वास माझे होते."

"हो."

"ते का ठेवले?"

तिथे मला खरं सांगता आलं असतं. ही दुसरी संधी होती. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, म्हातारा, धुतल्यासारखा स्वच्छ, उत्तराची वाट बघणारा. मी म्हणालो, "ते लोक तेही बदलणार होते. मी भांडलो. म्हटलं, श्वास काकांचेच राहतील."

काका हसले. बरंच हसले. "भांडलास का माझ्यासाठी," म्हणाले. "अरे वा."

तेव्हापासून वर्ष होत आलं. आता मी दर आठवड्याला जातो. येणाऱ्या-जाणाऱ्याला काका सांगतात, "शब्द याचे, श्वास माझे. दिल्लीवाले काढत होते, हा भांडला." शर्माजींना तर सगळं सांगून टाकलं, नाव माझं आणि आवाज दिलीपचा म्हणून. स्वतःची फजिती सांगावी तशी हसून सांगतात आणि शेवटी मोठेपणा मला देतात. मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

आवाज घेतला त्याची त्यांनी मला शिक्षा दिली नाही, उलट शिकवणी दिली. पण मी भांडलो नव्हतो. दुसऱ्यांदा कोण करेल म्हणून ते श्वास राहिले. चार मिनिटं जिना चढून काकांनी जे कमावलं होतं ते कोणाच्या भांडणाने नाही, आळसाने वाचलं. आणि ते चांगले होते म्हणूनही. ती मुलगी "अच्छे हैं" म्हणाली होती. तेवढं तरी मी त्यांना त्याच दिवशी सांगायला हवं होतं, तेच खरं त्यांचं होतं, आणि ते मी माझ्या नावावर करून घेतलं.

हा अंक काकांकडे दर वर्षी येतो. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून हल्ली वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असतं. मुखपृष्ठापासून सुरुवात करायला लावतात, जाहिरातीसुद्धा सोडू देत नाहीत. हा लेख येईल तेव्हा त्यांना कोणी आधी सांगू नये एवढी विनंती आहे. मीच वाचणार आहे, त्यांच्या खाटेशेजारी बसून, दिवसाउजेडी, माझ्या आवाजात. "मी भांडलो नव्हतो" या वाक्यापाशी येईन तेव्हा श्वास सोडणार नाही. वाक्य संपलं तरी धरून ठेवीन, आणि काका काय म्हणतात ते ऐकेन.